सप्टेंबरमध्ये आरव्हीतून युकॉन: सहलीची आखणी कशी करावी

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला खेटून असलेल्या युकॉनमध्ये बहुतेक लोक जून-जुलैत जातात. तेव्हा आरव्हीचं, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या राहत्या गाडीचं, भाडं सर्वांत चढं असतं, डास पाठ सोडत नाहीत आणि आकाश रात्रभर इतकं उजळ असतं की नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ऑगस्ट संपत आला की चित्र पालटतं. टुंड्रावरची, म्हणजे झाडं नसलेल्या थंड माळरानावरची, खुरटी झुडपं लालभडक होतात, नदीकाठची अॅस्पेनची झाडं पिवळी पडतात, डास जवळजवळ नाहीसे होतात आणि रात्री पुन्हा काळोख्या होऊ लागतात. माझ्या मते युकॉन पाहायचं तर याच दिवसांत. पण याच दिवसांत तिथली एकेक सोय बंद होत जाते आणि रात्री पाणी गोठायला लागतं.

म्हणून या मोसमातल्या आखणीचा क्रम उलटा असावा. काय बघायचं ते शेवटी ठरवा. आधी चार गोष्टी कागदावर मांडा: काय कधी बंद होतं, पाणी कुठे आणि कधी गोठू शकतं, हीटर किती रात्री चालेल आणि पुढचा पेट्रोलपंप किती किलोमीटरवर आहे. या चारांतून जे उरेल, ती तुमची सहल.

प्रदेशाचा अंदाज यावा म्हणून सांगते. युकॉनचं क्षेत्रफळ ४,८२,४४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. लोकसंख्या मात्र पन्नास हजारांच्या आत, आणि त्यातले बहुसंख्य लोक राजधानी व्हाइटहॉर्समध्ये राहतात. उरलेल्या भूभागात तासन्तास गाडी चालवली तरी वस्ती लागत नाही. मदत मागितली तर ती यायला वेळ लागणार, हे धरूनच सगळं ठरवावं लागतं.

तारखा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते २० सप्टेंबर हा सर्वांत चांगला काळ. युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत चालू असतात, पण क्लुआनी राष्ट्रीय उद्यानातलं कॅथलीन लेकचं कॅम्पग्राउंड सहसा त्याआधीच बंद होतं. उत्तरेकडच्या डॉसन सिटी या गावातली बरीच हॉटेलं आणि खानावळीही सप्टेंबरच्या उत्तरार्धात दारं लावून घेतात. आरव्ही कंपन्या महिनाअखेरीस गाड्यांच्या नळ्यांमधलं पाणी काढून त्या हिवाळ्यासाठी उभ्या करतात. या सगळ्या तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रत्येक मुक्कामाची त्या वर्षीची बंद होण्याची तारीख तपासा आणि आपला परतीचा दिवस त्याच्या निदान चार दिवस अलीकडे ठेवा. पहिलं मोठं हिम कधी पडेल ते कुणाच्या हातात नसतं. हे चार दिवस त्याच्यासाठी राखून ठेवायचे.

उजेडाचं गणितही समजून घ्या. २०२० पासून युकॉनने घड्याळं पुढेमागे करणं थांबवलं आहे, त्यामुळे तिथलं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं. सप्टेंबरच्या मध्याला व्हाइटहॉर्समध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य रात्री सव्वाआठच्या आसपास मावळतो. दिवस रोज पाच-सहा मिनिटांनी आखडत जातो. सकाळी लवकर निघण्यात अर्थ नसतो, कारण रस्त्यावर गोठलेलं दंव असतं आणि अंधारही. नऊला निघा, पाचच्या आत थांबा. नॉर्दर्न लाइट्ससाठी रात्री अकरानंतर जागं राहायचं असेल तर हे वेळापत्रक सोयीचंही पडतं.

मार्ग: उत्तर आधी, दक्षिण नंतर

थंडी उत्तरेकडून खाली येते, तशीच पानगळही. म्हणून आधी उत्तरेकडची डॉसन सिटी आणि टूमस्टोन पार्क, मग परत फिरून दक्षिणेकडचं क्लुआनी उद्यान. उलट दिशेने गेलात तर टूमस्टोनला पोहोचेपर्यंत रंग उडालेले असतील आणि कदाचित रस्त्यावर बर्फ असेल.

व्हाइटहॉर्सहून डॉसन सिटी क्लॉन्डाइक हायवेने सुमारे ५३० किलोमीटर. मोटारीने हे एका दिवसाचं अंतर आहे, आरव्हीने ते दोन-तीन दिवसांत करा. गाडी ताब्यात मिळाली की पहिला मुक्काम जवळच, फॉक्स लेकच्या कॅम्पग्राउंडला करा. हीटर लागतो का, पंप चालतो का, कुठे गळतंय का, हे पहिल्याच रात्री कळतं आणि काही बिघडलं तर दुसऱ्या सकाळी तासाभरात व्हाइटहॉर्सला परत येता येतं. पुढे कारमॅक्स, त्यानंतर फाइव्ह फिंगर रॅपिड्स, जिथे युकॉन नदीच्या पात्रात खडकांची बेटं उभी आहेत आणि सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या नावा ज्यांच्या फटींतून जीव मुठीत धरून जात. पुढे पेली क्रॉसिंग, स्टुअर्ट क्रॉसिंग, आणि मग डॉसन.

डॉसनला निदान दोन रात्री द्या. १८९६ मध्ये इथल्या बोनान्झा क्रीकला सोनं सापडलं आणि दोनेक वर्षांत हजारो माणसं या कोपऱ्यात येऊन थडकली. त्याहून कितीतरी आधीपासून ही भूमी ट्रॉन्डेक ह्वेचिन या आदिवासी राष्ट्राची (कॅनडात आदिवासी समाजांना राष्ट्र म्हणतात) आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ट्रॉन्डेक-क्लॉन्डाइकला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती या दोन्ही इतिहासांसाठी. फक्त सोन्याची कथा ऐकून परतू नका, नदीकाठचं त्यांचं सांस्कृतिक केंद्र उघडं असेल तर तिथे अर्धा दिवस घालवा.

डॉसनच्या सुमारे चाळीस किलोमीटर अलीकडे डेम्पस्टर हायवे फुटतो. हा कच्चा, खडीचा रस्ता आर्क्टिक सर्कल ओलांडून इनुविक गावापर्यंत जातो, जवळपास ७४० किलोमीटर, आणि २०१७ पासून तिथून पुढे थेट आर्क्टिक समुद्राकाठच्या टुकटोयाकटुकपर्यंत. मोह होणारच. पण भाड्याच्या आरव्हीने या मोसमात तो पूर्ण करू नये असं माझं ठाम मत आहे. धारदार खडी टायर कापते, पावसात रस्ता चिखलाने निसरडा होतो आणि वाटेत इंधन मिळण्याचं पहिलं भरवशाचं ठिकाण म्हणजे ३६९ व्या किलोमीटरवरचं ईगल प्लेन्स. त्याऐवजी फक्त ७१ व्या किलोमीटरपर्यंत, टूमस्टोन टेरिटोरियल पार्कच्या केंद्रापर्यंत जा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली लाल टुंड्रा आणि मागचे काळे सुळके इथेच आहेत. एवढ्या टप्प्यालाही काही कंपन्या परवानगी देतात, काही देत नाहीत. परवानगी लेखी घ्या. नाहीतर डॉसनहून वेगळी गाडी किंवा गाइडसोबतची दिवसभराची सहल घ्या.

डॉसनहून फुकटच्या बोटीने नदी ओलांडून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात उतरायचा बेतही पुष्कळ जण करतात. त्या सीमेवरची चौकी सप्टेंबरमध्येच बंद होते, आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडाची पीआर (कायम निवासाची परवानगी) असली तरीही. पहिल्या खेपेला हा फाटा सोडून द्या.

परत व्हाइटहॉर्स, तिथे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून, किराणा भरून मग अलास्का हायवेने पश्चिमेला. १५५ किलोमीटरवर हेन्स जंक्शन, तिथून पुढे क्लुआनी राष्ट्रीय उद्यान. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर माउंट लोगन, ५,९५९ मीटर, याच उद्यानात आहे, पण रस्त्यावरून ते दिसत नाही. पाहायचंच असेल तर हेन्स जंक्शन किंवा तलावाकाठच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या छोट्या विमानाच्या फेरीसाठी पैसे बाजूला ठेवा. हवा खराब असेल तर ती फेरी रद्द होते, म्हणून क्लुआनीला एक दिवस जास्तीचा हवा.

क्लुआनी तलावाच्या दक्षिण टोकाला वाऱ्याची काळजी घ्या. २०१६ मध्ये कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे सरकली की तिच्या वितळलेल्या पाण्याने वाट बदलली आणि तलावाला मिळणारी स्लिम्स नदी जवळजवळ आटली. उघड्या पडलेल्या पात्रातून आता धुळीचे लोट उठतात आणि उंच आरव्हीला आडवा वारा चांगलाच ढकलतो. वेग कमी करा, दोन्ही हात चाकावर ठेवा. याच जागी ताचाल धाल डोंगरावर पांढऱ्या डॉल मेंढ्या दिसतात. दुर्बीण हाताशी असू द्या.

डिस्ट्रक्शन बेच्या पुढे जाण्याची गरज नाही. तिथून बीव्हर क्रीकपर्यंतच्या रस्त्याखाली कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळते-गोठते तसा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि आरव्हीतली कपाटं उघडून भांडी खाली येतात.

सगळं मिळून साधारण १,७०० किलोमीटर होतात. त्याला बारा दिवस द्या.

गाडी, कागद आणि प्रश्न

व्हाइटहॉर्सला व्हँकुव्हर आणि कॅल्गरीहून थेट विमानं आहेत. भारतातून येणार असाल तर लक्षात ठेवा, लांबच्या विमानप्रवासाच्या दिवशी बऱ्याच कंपन्या गाडी हातात देत नाहीत. एक रात्र हॉटेलात धरा. झोपेसाठीही ती हवीच. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आणा आणि कंपनी तो स्वीकारते का हे बुकिंगआधी विचारून घ्या. चौघांसाठी पंचवीस फुटांच्या आतली गाडी पुरते. डाव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्यांनी त्याहून मोठीच्या फंदात पडू नये.

कंपनीला हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा: आमच्या तारखांना पाण्याची यंत्रणा चालू असेल का? टाक्यांना आणि नळ्यांना हीटर आहे का? टायर कोणते? काच आणि टायरचं नुकसान विम्यात येतं का? खडीच्या रस्त्यांवर काचेला तडा जाणं नेहमीचंच, आणि साध्या विम्यात ते बहुधा नसतं. ब्रिटिश कोलंबियातून गाडी चालवत येणार असाल, तर तिथल्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे होतात. परतीची तारीख त्या बेताने ठरवा.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. अशी गाडी शंभर किलोमीटरला २० ते २८ लिटर पेट्रोल पिते. १,७०० किलोमीटरला सरासरी चारशे दहा लिटर धरा आणि वर थोडं जास्त. टाकी अर्ध्यावर आली की जो पंप दिसेल तिथे भरायची, भाव बघायचा नाही. मोसम संपताना छोट्या ठिकाणचे पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, काही तर थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत. आणखी एक: पुष्कळ आरव्हींचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भरलेली राहिली की तो बंद पडतो.

पाणी आणि हीटर: इथे सहल टिकते किंवा मोडते

सप्टेंबरमध्ये डॉसनला दिवसा दहा-बारा अंश आणि रात्री शून्याच्या आसपास तापमान असतं. महिन्याच्या उत्तरार्धात उणे पाच सहज होतं. गाडीच्या आत ऊब असेल तर एवढ्याने आतल्या नळ्या गोठत नाहीत. गोठतात त्या बाहेरच्या बाजूच्या: बाहेरचा शॉवर, पाणी भरायचा पाइप, सांडपाण्याच्या टाकीचा झडप.

बाहेरच्या शॉवरचं पाणी पहिल्याच दिवशी काढून टाका आणि त्याला हात लावू नका. पाइपने टाकी भरली की तो निथळवून आत ठेवा. रात्री ओट्याखालच्या आणि बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे उबदार हवा नळ्यांपर्यंत पोहोचते. सांडपाण्याच्या टाक्या दुपारी रिकाम्या करा, सकाळी झडप अडकलेला असू शकतो. व्हाइटहॉर्स आणि डॉसनमध्ये टाक्या रिकाम्या करण्याची सोय आहे, पण मोसमअखेरीस ती कुठे चालू आहे ते फोन करून विचारा. शिवाय पिण्याच्या पाण्याचे वीसेक लिटरचे कॅन आत, गाडीच्या मध्यभागी ठेवा. यंत्रणा गोठली तरी स्वयंपाक आणि संडास त्यावर भागतो. सरकारी कॅम्पग्राउंडवर हातपंपाचं पाणी असतं, ते उकळूनच प्यायचं.

आता हीटर. मध्यम आरव्हीतला हीटर साधारण ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) असतो आणि सलग चालला तर तासाला सुमारे ६०० ग्रॅम प्रोपेन गॅस जाळतो. थंड रात्री दहा तासांपैकी निम्मा वेळ तो चालतो असं धरलं, तर रात्रीला तीन किलो. आपल्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर जो महिना-दीड महिना पुरतो, तो इथे चार-पाच रात्रींत संपेल. आरव्हीच्या टाकीत किती किलो बसतं ते विचारून घ्या आणि दर चौथ्या दिवशी प्रोपेन भरायचं ठिकाण मार्गावर येईल असं बघा. थर्मोस्टॅट रात्री १३-१४ अंशांवर ठेवा आणि चांगल्या रजया घ्या.

पण हीटर बहुधा प्रोपेन संपल्याने बंद पडत नाही, बॅटरी संपल्याने पडतो. त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, साधारण सात अँपिअर घेतो. पाच तास चालला तर ३५ अँपिअर-अवर गेले. शंभरच्या लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, आणि थंडीत तेही कमी मिळतात. दिवे, पंप, मोबाइल चार्जिंग धरलं तर एका रात्रीत तळ गाठला. सरकारी कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसते. म्हणून रोज निदान दोन तास गाडी चालेल असा मुक्काम आखा. एका जागी दुसरी रात्र काढायची असेल तर संध्याकाळी तासभर जनरेटर लावा. झोपण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज पाहायची सवय घरातल्या एकाने लावून घ्यावी. १२.१ च्या खाली आला असेल तर तेव्हाच जनरेटर सुरू करा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा, आणि गॅसची शेगडी पेटवून ऊब घेण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

जेवण

किराणा व्हाइटहॉर्सलाच भरा. तिथे मोठी सुपरमार्केट आहेत, पुढे भाव चढतात आणि निवड आटते. घरून थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजून ठेवलेला रवा आणा. या गोष्टी जागा कमी घेतात आणि ओल्या संध्याकाळी गरम पिठलं-भाताला पर्याय नाही. छोटा कुकर जरूर घ्या, प्रोपेन वाचतं. फक्त शिट्टी होताना छतावरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवा. ती वाफ थंड काचांवर आणि गादीखाली पाणी होऊन बसते, रात्री गोठते आणि दोन-तीन दिवसांत सगळं अंथरूण ओलसर होतं. ओले कपडे आत वाळत घालण्याचाही हाच तोटा.

जेवण झालं की भांडी, उष्टं, कचरा, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत. सप्टेंबरमध्ये अस्वलं हिवाळ्यासाठी चरबी साठवत असतात आणि दिवसभर खातात. क्लुआनी तलावाकाठच्या काँगडन क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये तंबूवाल्यांच्या जागेला विजेचं कुंपण आहे, यावरून काय ते समजा. सरकारी कॅम्पग्राउंडवर सरपण भाड्यातच येतं, तेव्हा शेकोटी मनसोक्त करा, पण कणसाची बुरकुंडं तिच्यात टाकून ठेवू नका.

रस्त्यावर

दिवसाही हेडलाइट लावलेले ठेवायचे, युकॉनमध्ये तो नियम आहे. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका, खडी उडते. पुलांवर सकाळी बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसत नाही. मूस या प्रचंड मोठ्या हरणाच्या माजाचा हा काळ, नर मूस रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि हॉर्नला दाद देत नाही. थांबा, वाट पाहा. अस्वलापासून निदान शंभर मीटर दूर राहा. अस्वलाला पळवून लावणारा तिखटाचा स्प्रे पायी निघालेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला हवा, पिशवीत खोल नको. शिकारीचाही हाच मोसम आहे. पायवाटेवर भडक रंगाचं जाकीट घाला. वाटेतल्या वस्त्या आदिवासी राष्ट्रांच्या आहेत. कुणाच्या शिकारीच्या किंवा मासे वाळवण्याच्या तळावर न विचारता जाऊ नका, फोटो काढू नका.

मोबाइलला सिग्नल फक्त गावांजवळ मिळतो. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्याच. नकाशे आधीच उतरवून ठेवा. रोज सकाळी ५११ युकॉन या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्त्यांची स्थिती पाहा. रोजचा मुक्काम कुठे हे घरच्या एका माणसाला लिहून द्या आणि किती तास निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा तेही ठरवा. पुण्या-मुंबईचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतं. म्हणजे तुमचा रात्री नऊचा निरोप आईला सकाळी साडेनऊला मिळेल. ही वेळ तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती रात्रभर फोन हातात धरून बसेल.

गाडी परत करताना

शेवटची रात्र व्हाइटहॉर्सच्या जवळ काढा, म्हणजे सकाळी टाक्या रिकाम्या करणं, प्रोपेन भरणं, पेट्रोल भरणं आणि बाहेरचा चिखल धुणं सावकाश होतं. चिखलाखाली झाकलेले ओरखडे नंतर तुमच्या नावावर लागू शकतात, म्हणून धुतल्यावर सगळ्या बाजूंचे फोटो काढा, घेतानाच्या फोटोंशी जुळवून पाहा. उरलेलं सीलबंद अन्न तिथल्या फूड बँकेला द्या. अस्वलाचा स्प्रे विमानात ना हातातल्या बॅगेत चालतो, ना चेक-इनमध्ये. न वापरलेला डबा कंपनीच्या काउंटरवर द्या, तिथून तो दुसऱ्या प्रवाशाला देता येतो.